पाहण्यासाठी आठ दिवस

माणिकबाई विलायतेला निघाली, अशी बातमी अकोल्यात पसरली तेव्हा तिचं स्वतःचं अजून काहीच ठरलं नव्हतं. ठरवलं होतं ते गिलमोर साहेबानं.

गिलमोर साहेब मुंबईच्या एका कंपनीसाठी कापूस खरेदी करायचा. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि सगळी विलायत वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे तोंड करून बसली, तेव्हा तो बायकोला घेऊन अकोल्यात आला. इथंच त्याची मुलगी एल्सी जन्मली. एल्सी वीस दिवसांची असल्यापासून माणिकबाई तिची आया होती. आता पोरगी अडीच वर्षांची झाली होती आणि मेमसाहेबाला अकोल्याचा आणखी एक उन्हाळा झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. फाल्गुनात मायलेकींनी एडिंबऱ्याला, साहेबाच्या गावी जायचं ठरलं. साहेबानं खानसामा अब्दुल गफ्फारला बोलावून बरोबर काय काय जाणार ते सांगितलं : तीन पत्र्याच्या पेट्या, दोन बिछाने, पाळणा, आया.

अब्दुल गफ्फारनं ही यादी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून माणिकबाईला ऐकवली.

"तुले विचारलं का साहेबानं?" त्यानं विचारलं.

"पाळन्याले विचारलं का?" माणिकबाई म्हणाली आणि एल्सीचं दूध गाळून घेऊन आत गेली.

तिला राग आला होता. पण त्या रागाच्या खाली दुसरंच काही हलत होतं, आणि ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. मेमच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. मधोमध काळा कातळ, कातळावर किल्ला, खाली पाच-पाच सहा-सहा मजल्यांची दगडी घरं आणि त्यांच्यामधून चढत गेलेला रस्ता. पोरगी दुपारी झोपली की माणिकबाई पंखा हलवत ते चित्र पाहत बसायची. तोच एडिंबरा.

माणिकबाईचं माहेर पातूरचं, जात माळ्याची. सासर नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. अकरा वर्षं ती त्या किल्ल्याखाली राहिली. सरपणाला रोज जंगलात जायची, पण किल्ल्यावर एकदाही गेली नाही. एकदा सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, "वर तुह्यं काय काम हाये?" काम काहीच नव्हतं. हैजाच्या साथीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती अकोल्याला थोरल्या भावाकडे आली आणि किल्ला मागं राहिला. आता पस्तिशीत तिला एकाएकी कळलं, की तिला त्या काळ्या कातळावर चढायचं आहे. काम नसताना.

भावाचं नाव खुशालराव. बहीण आली तेव्हा त्याच्याकडे दोन बैलगाड्या होत्या आणि तिच्या पगारावर घरात मीठमिरची येत होती. कापसाला भाव आला तशा गाड्याही वाढल्या. आता बारा गाड्या रेल्वेच्या रुळांपर्यंत गठ्ठे वाहत होत्या. दारात बैल वाढले, तसा खुशालरावाला बहिणीच्या आयापणाचा कमीपणा वाटायला लागला होता. त्यात मुलीची, सुभद्राची, सोयरीक दर्यापूरच्या पंजाबरावांच्या घरी ठरत आली होती. विलायतेची बातमी ऐकून तो गोठ्यातूनच ओरडत आला.

"माणके, लोकं काय म्हनून राहिले? समुद्र वलांडून चालली तू?"

"अजून काई ठरलं नाई, दादा."

"ठरायचं काय त्याच्यात? जायचं नाई. तुले फिरायचंच असंन तं काशीले जा. मी पाठवतो. गाडी देतो, मानूस देतो, वाटखर्च देतो."

"काशीले तू पाठवशीन," माणिकबाई शांतपणे म्हणाली, "एडिंबऱ्याले मी जाईन."

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हाच तिचं जायचं ठरलं. खुशालराव दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "तू गेली तं मी तुह्या नावानं आंघोळ करीन. मेली म्हनून."

"कर. पन थंड्या पान्यानं कर. सरपन लय महाग झालं."

पण नुसतं जाईन म्हणून जाण्याइतकी ती भोळी नव्हती. अब्दुल गफ्फारची एक मावशी अमरावतीत होती, जहाँआरा. ती पाच-सहा वर्षांमागं एका साहेबाच्या पोरांबरोबर लंडनला गेली होती आणि परत आली होती. पौषात गिलमोर साहेब सौद्यांसाठी आठवडाभर अमरावतीला गेला. मेम, पोरगी, आया सगळी बरोबर होती. माणिकबाईनं एका दुपारी एल्सीला काखेत घेतलं आणि पत्ता विचारत जहाँआराचं घर गाठलं.

जहाँआरा म्हातारी झाली होती, पण नजर तीक्ष्ण. तिनं आधी पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मग माणिकबाईला खालीवर न्याहाळलं.

"कोनत्या गावाले जाऊन राहिली?"

"एडिंबऱ्याले."

"तिकडं आनखी थंडी असते म्हन्तात. आयक. आधी एक जहाज. मंग वाळूतून रेलगाडी. मंग दुसरं जहाज. लाल मिरचीची पूड सोबत ठेव, तिथल्या जेवनाले चव नसते. पायात लोकरीचे मोजे घाल, लाज धरू नोको. जिथं राहाशीन त्या गल्लीचं नाव पाठ कर. साहेबाचं नाव सांगून तिथं घर सापडत नाई, गल्लीचं सांगून सापडते."

"अन् परत येनं?"

जहाँआरानं पदरानं तोंड पुसलं. "मले त्यायनं बंदरावर उतरवलं. पोरं आजीच्या हाती देली. मेम म्हने, थँक्यू जहाँआरा. एक शाल देली. मी इचारलं, माह्यं जहाज कोनतं? तं ते म्हने, कोनी इंडियाले जानारी मेम भेटंन, तिची आया होऊन जाय. भेटंन! चौदा महिने लागले भेटाले. चौदा महिने मी दुसऱ्याच्या तळघरात कपडे धुतले." तिनं पोरीला गुळाचा आणखी एक खडा दिला. "शहर वाईट नाई, बाई. नदीवरचा पूल पाहून मी येडी झाली होती. मानसंही वाईट नाईत. पन त्यायले तुह्यं परत जानं ध्यानातच राहात नाई. शब्दावर जाऊ नोको. परतीचं तिकिट इथूनच हातात घे. तुह्या हातात, मेमच्या नाई."

"नाई देलं तं?"

"तं जाऊ नोको. पन देईपरेंत मांग, बाप्पा! मांगाले काय लागते?"

अकोल्याला परतल्यावर माणिकबाई कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली गेली. तिथं पुंजाराम नावाचा अर्जनवीस चटई टाकून लोकांचे अर्ज आणि करार लिहून द्यायचा. इंग्रजी अक्षरही त्याला येत होतं. तो जमिनीचे, बैलांचे, कापसाचे कागद करायचा. आयाचा कागद त्यानं कधी केला नव्हता. पहिलं कलम सोपं गेलं : परतीचं तिकीट निघण्याआधी बाईच्या हाती द्यावं. दुसऱ्या कलमाशी त्याची लेखणी थांबली.

"आठ दिवस सुट्टी. ठीक. कशाच्यासाठी लिहू? दुखन्यासाठी? पूजेसाठी?"

"पाहासाठी."

"काय पाहासाठी?"

"शहर."

"अवो बाई, असं काई लिहित नसतात. कारन लागते. पाहानं हे काई कारन होये?"

"साहेब लोकं आपल्या पातूरच्या लेन्या पाहाले येतात. त्यायले कोनी कारन पुसलं?"

पुंजारामनं डोक्यावरची पगडी सारखी केली आणि लिहिलं : शहर पाहण्यासाठी आठ दिवस, त्या दिवसांत बाईकडून कोणतंही काम घेऊ नये.

साहेबानं कागद वाचला तेव्हा आधी तो हसला. व्हरांड्यात उभा होता, खाली अंगणात गठ्ठ्यांवर खुणा मारणं चाललं होतं. मग त्याचं हसू गेलं.

"आया का कागज? मेरा बोलना काफी नहीं?"

शेतकऱ्यांशी घासाघीस करून साहेबाला वऱ्हाडी पुरतं समजत होतं, म्हणून माणिकबाई आपल्याच बोलीत बोलली. "साहेब, तुमी कापूस बोलन्यावर घेता का? गठ्ठ्यागठ्ठ्याचा कागद करता. पुंजारामच लिहिते ते कागद. गठ्ठा तं तिकडंच राहाते, त्याचा कागद होते. मी तं वापस येनार हाये."

साहेबानं कागद मधोमध फाडला. फाडताना त्याचे कान लाल झाले होते.

माणिकबाई दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा कागद घेऊन आली. तोही फाटला. तिसऱ्या दिवशी तिसरा. या वेळी साहेब म्हणाला, की मुंबईच्या बंदरावर जायला तयार असलेल्या पन्नास आया मिळतील. माणिकबाईनं एल्सीचं तोंड धुतलं, तिला झबलं चढवलं, दूध पाजलं, तिचा पेला उपडा घातला आणि अब्दुल गफ्फारला सांगून बंगल्याबाहेर पडली. पोरगी मागं रडत होती. फाटकापर्यंत माणिकबाईनं वळून पाहिलं नाही, कारण वळली असती तर ती परत गेली असती, आणि हे तिला ठाऊक होतं.

खुशालरावाला आनंद झाला. दर्यापूरला निरोप गेला, की बहिणीचं खूळ उतरलं. पंजाबरावांकडून होकार आला. घरात लग्नाचे गहू निवडायला बायका बसल्या, आणि माणिकबाई त्यांच्यात बसून खडे वेचत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी दारात गिलमोर साहेबाची धमणी, माणसं बसायची छपराची बैलगाडी, येऊन उभी राहिली. तिच्यातून मेमसाहेब उतरली. गल्लीतल्या बायका पदर सावरत दारोदारी जमल्या. मेमचा चेहरा उन्हानं तांबडा झाला होता, काखेत एल्सी होती. पोरीचे गाल बसले होते.

"मानिक," एल्सी म्हणाली, "तू कावून नाई येत?"

अंगणातल्या बायका आ वासून पाहत राहिल्या. गोरी पोरगी त्यांच्यासारखी बोलत होती. माणिकबाईनं तिला घेतलं. मेम ओट्यावर टेकली आणि तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, की नव्या आयाकडे पोरगी जेवत नाही, आणि माणिकबाईनं आता हट्ट सोडावा.

"कागदावर सही करा, मेमसाहेब. आता चालतो."

"मैं कर दूँ," मेम म्हणाली. तिनं खाली मान घातली. "लेकिन मेरा सही का कुछ दाम नहीं. शादी हुआ औरत का सही नहीं चलता. तिकट, पैसा, सब साहेब का हाथ में."

माणिकबाईला हे नवीन होतं. राणीच्या राज्यातली बाई, बग्गीत फिरणारी, आणि तिची सही चालत नाही.

"म्हंजे तुमचंही परत येनं त्यायच्याच हाती?"

मेमनं दाराबाहेरच्या धमणीकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाली, "हाँ."

"तं तुमी बी मांगा," माणिकबाई म्हणाली. "मी माह्यं सोडत नाई."

त्या बंगल्यात पुढं काय झालं ते अब्दुल गफ्फारनं नंतर सांगितलं. मेमनं पेट्या उघडल्या, कपडे काढून परत कपाटात लावले आणि नवऱ्याला सांगितलं, की माणिकबाई येणार नसेल तर मीही जात नाही. इथंच मेले तर इथंच पुरून टाक. साहेब आधी ओरडला, मग त्यानं विनवण्या केल्या, मग तो दोन दिवस जेवणाच्या मेजावर एकटा बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं चपराशाला माणिकबाईकडे पाठवलं.

सही कचेरीत झाली. चौथा कागद पुंजारामनं आधीच लिहून ठेवला होता. साहेबानं सही करण्याआधी इंग्रजीत एक ओळ वाढवली. माणिकबाईनं बोट ठेवलं.

"हे काय लिहिलं?"

पुंजाराम चाचरत म्हणाला, "आयानं कामात कसूर केली असं साहेबाले वाटलं, तं तिकिट वापस घेता येईन."

"साहेबाले वाटलं तं?"

"हाव."

"खोडा ते."

"बाई, आता सही करून राहिले ते. एवढ्यावर घ्या."

"खोडा," माणिकबाई म्हणाली. ती ओरडली नाही. कचेरीतले कारकून लिहायचे थांबले होते. साहेबानं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि लेखणी बुडवून स्वतःची ओळ स्वतः खोडली. त्याच्याखाली सही केली. माणिकबाईनं अंगठा उठवला. आठ दिवसांनी मुंबईहून तिकीट आलं. ते तिनं मेणकापडात गुंडाळून चोळीच्या आत शिवून टाकलं.

आता घरचं उरलं होतं. दर्यापूरहून पंजाबरावांचा माणूस येऊन बसला होता. समुद्र ओलांडणारी आत्या असलेल्या घरची मुलगी त्यांना चालणार नव्हती. सुभद्रा चुलीपाशी तोंड लपवून बसली होती. खुशालराव ओसरीवर डोकं धरून.

माणिकबाई सुभद्राजवळ गेली. "तुले तो पोरगा पसंत हाये?"

सुभद्रानं होकाराची मान हलवली.

माणिकबाई बाहेर आली आणि त्या माणसासमोरच म्हणाली, "दादा, माह्या नावानं आंघोळ कर. मी मेली म्हन. मंग पंजाबरावाची काई हरकत नाई नं?"

दर्यापूरच्या माणसानं घसा साफ केला. "तसं झालं तं... मालक तयार होतीन."

"माणके," खुशालराव म्हणाला. "मी रागानं बोललो होतो."

"मी रागानं नाई बोलत. पोरीचं लगन मोडू नोको. अन् माह्यं जानंही मोडू नोको. दोनी होऊ दे."

फाल्गुन लागला आणि एका सकाळी बंगल्यावरून धमण्या निघाल्या. रस्ता खुशालरावाच्या विहिरीवरून जात होता. तो विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, उघड्या अंगानं उभा होता, पाचपन्नास माणसं भोवती होती. धमणी समोर आली तेव्हा त्यानं घागर डोक्यावर ओतली. दुसरी ओतली. माणिकबाईनं धमणीचा पडदा ओढून घेतला नाही. मरताना कुणाला आपली आंघोळ पाहायला मिळत नाही. ती मिळाली तर पाहून घ्यावी असं तिला वाटलं. घागर खाली ठेवून खुशालरावानं रस्त्याकडे पाठ केली, एवढं तिला दिसलं. मांडीवर एल्सी विचारत होती, "मामा कावून वला झाला?"

प्रवास जहाँआरानं सांगितला तसाच झाला. एडिंबऱ्यात साहेबाच्या आईनं दुसऱ्याच आठवड्यात माणिकबाईच्या आठ दिवसांपैकी पहिल्याच दिवशी कपडे धुवायला काढले, तेव्हा तिनं कागद काढून त्या म्हातारीपुढं धरला आणि मेमनं तो वाचून दाखवला. त्या दिवशी पाऊस होता. माणिकबाई लोकरीचे मोजे घालून आणि नऊवारी वर खोचून किल्ल्याचा रस्ता चढली. वाटेत माणसं थांबून तिला पाहत होती. तीही त्यांना थांबून पाहत होती. वर वारा असा होता की पदर हातात धरून उभं राहावं लागलं. खाली सगळं शहर धुरात होतं, आणि पलीकडे समुद्राची पट्टी. तिचं तिथं काही काम नव्हतं. ती तासभर उभी राहिली. पुढच्या सात दिवसांत ती आणखी तीनदा वर गेली.

ती निघाल्यावर दोनच महिन्यांत अमेरिकेतली लढाई संपली होती. कापूस कोसळला, गिलमोर साहेबाची कंपनी बुडाली, आणि साहेब स्वतःच घरी परतला. एडिंबऱ्यातल्या त्या घरात एका आयाच्या भाड्याचा विचार करायला कुणाला फुरसत नव्हती. माणिकबाईनं चोळीची शिवण उसवली, तिकीट काढलं, एल्सीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि निघाली. मेम बंदरापर्यंत आली होती.

अकोल्यात परतल्यावर पंचांनी बोलावलं. दंड भर आणि चुकलं म्हण, असं सांगितलं. माणिकबाई म्हणाली, "दंड भरतो. चुकलं म्हननार नाई, कारन चुकलं नाई." म्हणून ती जातीबाहेर राहिली. तिनं कचेरीच्या वाटेवर एक खोली घेतली आणि भाकरी-पिठलं विकायला लागली. येणारे-जाणारे तिच्याकडे जेवायचे, आणि जेवता जेवता विलायतेचं विचारायचे.

सुभद्रा दर्यापूरला नांदत होती आणि खुशालरावाकडे आता तीन गाड्या उरल्या होत्या. तो त्या वाटेनं जायचा, पण थांबायचा नाही. मेलेल्या माणसाशी बोलता येत नाही. मग एका बाजाराच्या दिवशी, टळटळीत दुपारी, त्याची गाडी तिच्या दारासमोर थांबली. तो खाली उतरला, बैलाच्या मानेवर हात फिरवू लागला आणि मोठ्यानं, पण बैलाकडेच पाहत म्हणाला, "काय रे, तिकडं बैल असतात का? का नुसते घोडेच?"

माणिकबाई परातीतून हात काढून दारात आली.

"बैलाले काय इचारतं? तो गेला होता का?"

खुशालरावानं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर ओळखीची माणसं होती, पाहत होती. त्यानं जू उतरवलं, बैल लिंबाला बांधले आणि तिच्या दारात येऊन जमिनीवर बसला.

"मंग सांग," तो म्हणाला.